लहान मुलांचे कान का फुटतात? डहाणू-तलासरीतल्या पालकांनी या गोष्टी लक्षात ठेवाव्यात

बाळाला सर्दी होते, रात्री ते कान ओढत रडतं आणि दोन दिवसांनी उशीवर पिवळा डाग दिसतो. ‘कान फुटला’ असं म्हणून अनेक घरांत हे सोडून दिलं जातं. हा मध्यकर्णाचा, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीचा संसर्ग असतो.

लहान मुलांनाच जास्त का?

नाकाची मागची बाजू आणि मध्यकर्ण यांना जोडणारी एक नळी असते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, आत पाणी साठतं आणि त्यात जंतू वाढतात. सहा महिने ते दोन वर्षं या वयात धोका सर्वाधिक असतो.

धोका कशाने वाढतो?

• धूर : डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर अनेक घरांत आजही चूल पेटते आणि बाळ त्याच खोलीत झोपतं. विडी-सिगारेटचा धूरही तितकाच वाईट.
• गर्दी : एका खोलीत जास्त माणसं असली की सर्दी पटकन पसरते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या झोपड्यांत धूर आणि गर्दी दोन्ही असतात. मुलांच्या लसीही चुकतात.
• कुपोषण : अशक्त मुलाला संसर्ग लवकर होतो आणि बरा व्हायला वेळ लागतो.
• बाटलीचं दूध : विशेषतः बाळाला आडवं झोपवून पाजलं तर. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध दिल्यास धोका कमी होतो.
• जन्मजात कारणं : दुभंगलेली टाळू, डाउन सिंड्रोम.

नदीत पोहल्याने कान फुटतो का?

नाही. पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी मध्यकर्णात जात नाही. पण पडद्याला भोक असेल तर पाणी आत जाऊन कान पुन्हा वाहू लागतो. वाहत्या कानात तेल किंवा झाडपाल्याचा रस घालू नये.

दुर्लक्ष केलं तर?

कान सतत वाहत राहिला तर ऐकू कमी येतं. बोलायला शिकण्याच्या वयात हे नुकसान मोठं असतं. घरी वारली आणि शाळेत मराठी अशा दोन भाषा शिकणाऱ्या मुलाला शिक्षकांचं बोलणं नीट ऐकूच आलं नाही, तर त्याला ‘ढ’ ठरवलं जातं.

काय करावं?

न्यूमोकोकल लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात सरकारी केंद्रात मोफत मिळते. गोवराची लसही चुकवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी करतात, तेव्हा कानाची तक्रार आवर्जून सांगावी.

कान वाहत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. कानामागे सूज, तोंड वाकडं होणं, मान ताठरणं किंवा मूल सुस्त पडणं यापैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं.