व्यापारी देवनागरी : अक्षराचे वळण आणि पार्श्वभूमीचा रंग

व्यापारी संकेतस्थळाची नव्याने मांडणी करताना पार्श्वभूमीचा रंग कोणता आणि फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा एका वळणाचा संच, कोणता, हे दोन प्रश्न आज मालकाच्या आवडीनिवडीचे समजले जातात. देवनागरीपुरते पाहिले तर ही मुभा अगदी अलीकडची आहे, कारण त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षे तो निर्णय छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, ओतणाऱ्याच्या साच्याने, ती जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या खणांनी आणि पाटी रंगवणाऱ्याच्या कुंचल्याने घेतलेला असे. जबलपूरच्या घमापूरलगतच्या कांचघरसारख्या वस्तीतून या इतिहासाकडे पाहणे विशेष उपयोगाचे ठरते. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या या शहरात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच लिपीत, पण थोड्या वेगळ्या वळणाने वाचल्या जातात.

छपाईपूर्वीच्या पोथीत रंगाला शोभेपेक्षा काम अधिक होते. मजकूर काजळीच्या काळ्या शाईने लिहिला जाई, अध्यायाची समाप्ती, दंड किंवा श्लोकांक हिंगुळाच्या लाल रंगाने दाखवले जात, आणि चुकलेले अक्षर हरताळाच्या पिवळ्या लेपाने झाकले जाई. कागदाचा फिकट रंग हीच पार्श्वभूमी, आणि तिच्यावर उठून दिसणे ही काळ्या शाईची पहिली अट होती. ही शिस्त नंतरच्या रंगीत जाहिरातींनी पुष्कळदा मोडली.

छपाई आली तेव्हा अडचण रंगाची नव्हती, खिळ्यांची होती. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी खिळ्यांचे नवे साचे कोरले आणि तेथेच काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांना राणोजी रावजी आरू यांच्या हातचे वळण मिळाले आणि मुंबईचे देवनागरी अक्षर या छापखान्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. रोमन लिपीला काही डझन खिळे पुरत, तर देवनागरीला जोडाक्षरे, रफार, मात्रा आणि उकार यांमुळे शेकडो लागत. एका पद्धतीत तर ओळ तीन थरांत जुळवावी लागे, मधल्या थरात अक्षर, वर मात्रा व रफार, खाली उकार. एवढा संच एका वळणात आणि एका आकारात बाळगणेच खर्चाचे असल्यामुळे मध्यम छापखान्याकडे दुसऱ्या वळणाची चैन नसे.

त्या काळी देवनागरीची दोन घराणी मानली जात, मुंबई वळण आणि कलकत्ता वळण, आणि त्यांतील अ, झ, ण ही अक्षरे सहज वेगळी ओळखू येत. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा सलग लोहमार्ग जबलपूरमार्गे पुरा झाला, त्यामुळे हे शहर भूगोलानेच दोन्ही घराण्यांच्या मध्ये आले. माधवराव सप्रे यांच्या पुढाकाराने आणि माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादनाखाली १९२० मध्ये जबलपुरातून निघालेले ‘कर्मवीर’ हे हिंदी साप्ताहिक येथील हिंदी-मराठी संबंधाच्या संदर्भात आठवते, कारण मातृभाषा मराठी असलेल्या सप्रे यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ही हिंदीत नेले होते. स्वातंत्र्यानंतर हिंदीच्या प्रमाणीकरणात मुंबई वळणाचे अ, झ आणि ण स्वीकारले गेले, मात्र ल आणि श यांचे मराठी रूप निराळेच राहिले.

छापील वळणांचे दारिद्र्य भरून काढले ते हाताने अक्षर रेखणाऱ्यांनी. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत कमल शेडगे यांनी प्रत्येक नाटकाच्या नावाला त्याच्या स्वभावाचे अक्षर दिले, आणि गावोगावच्या पेंटरांनी तेच काम पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटने केले. दुरून वाचता यावे म्हणून गडद जमिनीवर पांढरे किंवा पिवळे अक्षर, अथवा रेल्वे स्थानकाच्या पाटीप्रमाणे पिवळ्यावर काळे, ही त्यांची निवड अनुभवातून आलेली होती.

संगणकाने सुरुवातीला ही परिस्थिती सुधारली नाही, उलट बिघडवली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धती, येण्यापूर्वीच्या फॉन्टांत देवनागरी चिन्हे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी बसवलेली असत. तो फॉन्ट ज्याच्या संगणकावर नाही त्याला निरर्थक चिन्हांची रांग दिसे, म्हणून अनेकांनी मजकुराचे चित्र करून चिकटवले. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला तेव्हा वाचता येणारा मजकूर सर्वत्र पोहोचला, पण बहुतेक पानांना एकच चेहरा मिळाला. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट २०१० नंतरच्या दशकात उपलब्ध झाले, आणि छोट्या दुकानदारालाही निवड करता येऊ लागली.

या मुभेबरोबर जुने ज्ञान मात्र आपोआप आले नाही. डब्ल्यूसीएजी या २००८ च्या सुलभता-निकषांनुसार सामान्य मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ असावे लागते. शुद्ध पिवळ्यावर काळे अक्षर १९ च्या पुढे जाते, तर सर्रास वापरल्या जाणाऱ्या केशरी छटेवर पांढरे अक्षर २ च्या आसपास अडकते. पेंटरच्या पाटीवर हे केशरी-पांढरे खपून जाई, कारण अक्षर फूटभर उंच आणि बहुधा काळ्या किनारीचे असे. पडद्यावरच्या बारीक देवनागरीत मात्रा आणि रफार आधीच नाजूक असतात व रंग फिका पडताच तेच प्रथम हरवतात. शिवाय वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांमुळे इंग्रजी मजकुरासाठी आखलेले ओळींमधले अंतर देवनागरीला अपुरे पडते.

कांचघरमधील एखाद्या व्यावसायिकाला हिंदी आणि मराठी अशी दोन पाने ठेवायची असतील, तर मराठी पानाची भाषा आज्ञावलीत मराठी म्हणून नोंदवावी, कारण ती नोंद मिळाल्यावर काही फॉन्ट ल आणि श यांची मराठी रूपे स्वतःहून दाखवतात. आधी दोन्ही पानांना चालेल असा फॉन्ट ठरवून मगच पार्श्वभूमी निवडणे हाच शहाणा क्रम आहे, आणि ती पांढरी किंवा फिकट राहिली तर बिघडत नाही.