कढीपत्त्यावरचं फुलपाखरू आणि बाळंतिणीचं इंजेक्शन

परवा स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना एका मित्रानं विचारलं, "फुलपाखरांच्या अभ्यासावर सरकारचा पैसा जातो म्हणे. त्यानं कुणाचं पोट भरणार आहे का?" प्रश्न चुकीचा नाही. रस्त्यात खड्डे, नळाला चार दिवसांआड पाणी, तिथं फुलपाखरू कुठं सुचतं? तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

परसात कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड असेल तर एक काळं फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलं असेल. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. नाव कॉमन मॉर्मन. याचे नर सगळे एका छापाचे. मादी मात्र आपल्याकडे तीन रूपांत दिसते. एक थेट नरासारखी. दुसरी कॉमन रोझसारखी आणि तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळी असताना सापसणासारख्या विषारी वेली खातात आणि ते विष अंगात साठवतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या मादीच्या अंगात यातलं काहीच नसतं. नुसतं सोंग! लहानपणी गावात बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन यायचा आणि आम्ही पोरं घरात पळायचो, तसलाच प्रकार.

हे सोंग पहिल्यांदा नीट उलगडून सांगितलं हेन्री बेट्स या इंग्रजानं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात 11 वर्षं काढून तो परतला आणि 1862 मध्ये त्यानं तिथल्या नकली फुलपाखरांवर निबंध लिहिला. तीनच वर्षांनी त्याचा मित्र आल्फ्रेड वॉलेस यानं आपल्या मॉर्मनबद्दल लिहिलं, की या वेगवेगळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या आहेत. डार्विनच्या उत्क्रांतीच्या सिद्धांताला हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा होता. सोंग जितकं चोख, तितकी जगण्याची शक्यता जास्त.

पण एका जातीत इतकी रूपं येतात कशी? 1913 च्या सुमारास सिलोनमध्ये फ्रायर नावाच्या संशोधकानं मॉर्मनच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवून वंशावळ्या मांडल्या. त्यातून दिसलं, की ही रूपं मेंडेलच्या नियमानं उतरतात. बाप स्वतः सोंग घेत नाही, पण सोंगाचा गुण लेकीला देऊ शकतो.

तरी एक कोडं उरलंच. पंखाचा रंग, ठिपके, पट्टे हे सगळं एकदम, एका गाठोड्यात बांधल्यासारखं पुढच्या पिढीत जातं. अर्धं सोंग सहसा दिसत नाही. अर्ध्या सोंगाला पक्षी फसणार नाही, हे खरं. पण गाठोडं सुटत का नाही? शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की अनेक जनुकं अगदी खेटून बसलेली असावीत. त्याला नाव पडलं सुपरजीन.

आता गोष्ट लिव्हरपूलला जाते. तिथं सिरिल क्लार्क नावाचे डॉक्टर होते. दवाखाना सांभाळून घरी फुलपाखरं पाळायचे, हातानं त्यांच्या जोड्या लावायचे. 1950 च्या दशकात फिलिप शेपर्ड या जनुकशास्त्रज्ञाशी त्यांची गाठ पडली आणि छंदाचं संशोधन झालं. काम करता करता क्लार्क यांच्या लक्षात आलं, की माणसाच्या आरएच रक्तगटाबद्दलही असंच खेटून बसलेल्या जनुकांचं बोललं जातं. फुलपाखरांकडून ते रक्तगटाकडे वळले.

आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आईचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं. पुढच्या बाळाच्या रक्तपेशी मात्र तीच प्रतिपिंडं फोडतात. कावीळ, मेंदूला इजा, मृत्यू. किती घरांत "पहिलं जगलं, पुढची टिकली नाहीत" असं म्हणत बाईलाच दोष दिला गेला असेल!

क्लार्क आणि रोनाल्ड फिन यांच्या गटानं विचार केला, की आईच्या शरीराला सुगावा लागण्याआधीच तयार प्रतिपिंडं टोचून बाळाच्या त्या पेशी काढून टाकल्या तर? आधी पुरुष स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, मग बाळंतिणींवर. न्यूयॉर्कमध्येही एक गट याच वाटेनं चालला होता. 1960 चं दशक संपता संपता अँटी-डी इंजेक्शन वापरात आलं.

आता घरचं सांगतो. माझ्या बायकोचा रक्तगट बी निगेटिव्ह, माझा ओ पॉझिटिव्ह. थोरलीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "बाळ पॉझिटिव्ह आहे, 72 तासांच्या आत इंजेक्शन हवं." गावात मिळेना. रात्री मोटरसायकल काढून जिल्ह्याच्या ठिकाणाहून बर्फात ठेवून आणलं. धाकटा आज आठवीत आहे, क्रिकेट खेळून गुडघे फोडून घेतो. त्या रात्री मला फुलपाखराचं काही माहीत नव्हतं.

आणि मॉर्मनच्या कोड्याचं काय झालं? 2014 मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर छापून आलं. त्या संशोधनात आपले कृष्णमेघ कुंटे पुढे होते, 'एका रानवेड्याची शोधयात्रा' लिहिणारे. गाठोड्यात अनेक जनुकं निघालीच नाहीत. निघालं एकच, डबलसेक्स नावाचं, कीटकांत नर-मादीपण ठरवणारं. सोंग घेणाऱ्या माद्यांत गुणसूत्राचा तेवढा तुकडा उलटा बसलेला असतो, म्हणून त्याची सरमिसळ होत नाही. आरएचचीही तीन नाही, दोनच जनुकं निघाली. म्हणजे ज्या साम्यावरून क्लार्क निघाले, ते पुढे दोन्ही बाजूंनी तसंच्या तसं टिकलं नाही. पण त्या वाटेवर सापडलेलं इंजेक्शन टिकलं.

तर मित्रा, फुलपाखरानं पोट भरत नाही, कबूल. पण कुठल्या अभ्यासातून काय हाती लागेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेचा पैसा कापताना आणि "याचा उपयोग काय" म्हणताना जरा दमानं घ्यावं.

शेवटचं, आणि हे सगळ्यांसाठी. घरात कुणाला दिवस गेले असतील तर पहिल्याच तपासणीत रक्तगट बघून घ्या. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना अँटी-डीचं आधीच विचारा. गर्भपात झाला तरी विचारा. इंजेक्शन कुठं मिळतं याची चौकशी आधी करून ठेवा, माझ्यासारखं रात्री पळायला लागू नये.

आणि कढीपत्त्यावर अळी दिसली तर दोन पानं खाऊ द्या तिला.