सारंगीची गवसणी

पुणें जिल्ह्यांत, आंबी नदीच्या खोऱ्यांतील पानशेतास आषाढ लागला म्हणजे भिंती ओलावतात, कपडे वाळत नाहींत आणि मिठाला पाणी सुटतें. ज्या वाद्याचें पोट कातड्यानें मढविलेलें आणि तारा आंतड्याच्या, त्याची अशा हवेंत काय अवस्था होत असेल याची कल्पना सहज करतां येईल. सारंगी हें असें वाद्य होय. तें वाजविण्याची विद्या अवघड आहे हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु एका वादनापासून दुसऱ्या वादनापर्यंत तें नीट राखण्याचीही एक विद्या आहे, आणि तिचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं.

गजानें वाजणाऱ्या वाद्यांशीं महाराष्ट्राचा संबंध फार जुना आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत गजानें वाजविल्या जाणाऱ्या पिनाकी वीणेचें वर्णन केलें आहे. त्यापूर्वीं सुमारें दीड शतक, चीन देशांत शेन को या विद्वानानें घोड्याच्या शेपटीचे केस लावून वाजविण्याच्या 'हूचिन' वाद्याचा उल्लेख करून ठेवला. त्याच कुळांतील 'अर्हू' हें दोन तारांचें वाद्य आज तेथें सर्वांच्या परिचयाचें आहे.

अर्हूच्या लहानशा लांकडी पेटीवर अजगराचें कातडें ताणलेलें असतें व त्यावर घोडी उभी असते. तारांचा भार घोडीवाटे रात्रंदिवस कातड्यावर पडतो. म्हणून वादन संपतांच तारांखालीं कापडाची लहानशी गुंडाळी सरकवून तो भार हलका करतात, गजाचे केस सैल करतात आणि राळेची पांढरी भुकटी मऊ फडक्यानें पुसून टाकतात. ऊन आणि शेगडी या दोहोंपासून वाद्य दूर ठेवतात, कारण कोरड्या उष्णतेनें कातडें तडकतें.

सारंगीची कथाही याच वळणाची. मात्र तिचा संसार मोठा. तिचें अंग बहुधा तुणीच्या एका ओंडक्यांतून कोरलेलें, पोटावर बकऱ्याचें कातडें, वर तीन मुख्य तांती आणि खालीं पस्तीसच्या आसपास धातूच्या तरफा. दमट हवेंत तांत फुगून स्वर हलतो, कातडें सैल पडून आवाज बसतो आणि तरफांवर गंज चढतो. वादक नखाच्या मुळाशीं असलेल्या कातडीनें तांतीस बाजूनें स्पर्श करून स्वर काढतो. त्यामुळें तांतीवर राळ साचली कीं बोट अडखळतें. म्हणून वादनानंतर तांती पुसाव्या, वाद्य गवसणींत घालावें, पावसाळ्यांत तें जमिनीवर वा बाहेरच्या भिंतीस लावून ठेवूं नये, आणि उघडीप पडली कीं गवसणी काढून त्यास वारा द्यावा. ओलावलेली सारंगी निखाऱ्याजवळ धरण्याचा मोह मात्र टाळावा. एकाएकीं आखडलेलें कातडें फाटतें.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यामागोमाग खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घरांत शिरलें. अशा पाण्यांत सरसानें जोडलेला तंबोऱ्याचा भोपळा सुटतो. एकसंध कोरलेली सारंगी सुटत नाहीं. पण तिचें कातडें व तांती जातात. तीं नवीं चढवितां येतात. चढवूं जाणणारा माणूस मात्र हवा.

असा माणूस पांढरपेशा घरांत क्वचितच मिळे. सारंगी ही कलावंतिणींच्या बैठकीची साथीदार म्हणून ओळखली गेली, आणि प्रतिष्ठित कुटुंबांनीं तिला उंबऱ्याबाहेर ठेवलें. त्यामुळें वादनाप्रमाणें तिच्या निगेचें ज्ञानही मोजक्या वादक-घराण्यांपुरतेंच राहिलें. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत थिरकवांच्या तबल्याबरोबर कादरबक्षांची सारंगी वाजे. तरी रंगभूमीवर व घरांत अखेर पेटी आणि ऑर्गन यांचेंच राज्य झालें. पेटीच्या यशाचीं कारणें अनेक आहेत. त्यांत एक साधें कारण असें कीं, पेटी महिनाभर झांकून ठेवली तरी भाता ओढतांच सुरांत बोलते; सारंगी एका रात्रींत बिघडते. १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस बंदी केली. ती १९७१ च्या सुमारास शिथिल होईपर्यंत टिकली, आणि त्या काळांत अनेक सारंगीवादकांस नभोवाणी केंद्रांचा आधार लाभला.

चीनमध्यें लिऊ त्यन्-ह्वा (१८९५–१९३२) यानें अर्हूसाठीं स्वतंत्र रचना केल्या व तें वाद्य विद्यालयांत नेलें. तेथें वादनाचा पाठ घेणारा विद्यार्थी वाद्य झांकून ठेवण्याचाही पाठ घेतो. इकडे १९४९ मध्यें मुंबईस आलेल्या पंडित रामनारायण यांनीं सारंगीस स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून दिला. २०२४ मध्यें त्यांचें निधन झालें. मान मिळाला, तरी सारंगी शिकणारे आजही थोडेच. जीं घरें आज मुलांस सारंगी शिकवूं इच्छितात, त्यांनीं गुरूकडून रागांबरोबर कातडें, तांत आणि गवसणी यांचेंही शिक्षण मागून घ्यावें. पानशेतच्या खोऱ्यांत, तसेंच पुण्यांतही, पुढचा आषाढ ठरल्या वेळीं येणारच आहे.