बिल्डरवर विश्वास कशाच्या आधारे? खामगावच्या कापूस बाजारापासून महारेरापर्यंत

१/ नकाशावर असलेले, पण जमिनीवर अजून न उभे राहिलेले घर घेताना बुलढाणा, चिखली, मलकापूरकडे आजही पहिला प्रश्न विचारला जातो: "बिल्डर कोण? आपल्या ओळखीचा आहे ना?" कायद्याने मात्र गेल्या सहा दशकांत हा प्रश्न बदलत नेला. माणूस कसा आहे, यापेक्षा त्याने काय उघड केले आहे, याला महत्त्व आले. हा बदल कसा घडला?

२/ अनोळखी माणसावर विश्वास ठेवून व्यवहार करण्याचा पेच या भूमीला नवा नाही. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला आणि खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ बनली. गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अडत्या ठाऊक नसे आणि काटा खरा की खोटा, हेही कळत नसे.

३/ १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने यावर उपाय योजला. 'चांगला अडत्या शोधा' असा उपदेश न करता अडत्ये आणि मापारी यांना परवाना सक्तीचा केला, वजनमापांची तपासणी बाजार समितीकडे दिली. तरीही एक उणीव राहिली: समितीत व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी होते, शेतकऱ्याला जागा नव्हती.

४/ घरांच्या बाबतीत हाच पेच प्रथम मुंबईत तीव्र झाला. तेथे १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली होती. अशा संस्थेत सभासद स्वतःच मालक असतात. पैसा देणारा आणि घर उभारणारा यांच्यात अंतर राहत नाही.

५/ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाड्यासाठी इमारत बांधणे परवडेनासे झाले आणि 'ओनरशिप फ्लॅट' विकण्याकडे बांधकाम व्यावसायिक वळले. आता घर तयार होण्याआधीच ग्राहक पैसे देऊ लागला. त्याच पैशांतून इमारत उभी राहू लागली. जोखीम ग्राहकाची आणि ताबा बिल्डरचा, ही आजची रचना तेव्हा आकाराला आली.

६/ महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. अवघ्या १९ दिवसांनी, २० मे रोजी, सरकारने फ्लॅटविक्रीतील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या अहवालातून १९६३ चा मालकी सदनिका कायदा, म्हणजेच 'मोफा', जन्मला. घरटंचाईमुळे गैरप्रकार वाढत असल्याची नोंद त्याच्या प्रस्तावनेतच आहे.

७/ या कायद्याची कलमे वाचताना त्या काळच्या फसवणुकीची यादीच समोर येते. जमिनीचा हक्क दाखवा, कारण तो दाखवला जात नव्हता. लेखी करार नोंदवा, कारण तोंडी शब्दांवर पैसे घेतले जात होते. ग्राहकांचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवा, कारण ते दुसरीकडे वळवले जात होते. सोसायटी स्थापन करून जमीन तिच्या नावे करा, कारण इमारत रहिवाशांची आणि जमीन बिल्डरची राहत होती.

८/ कायदा कठोर होता. पण नोंदणी पाहणारी, खाते तपासणारी यंत्रणा नव्हती. फसलेल्याने न्यायालयात जावे, एवढाच मार्ग उरे. परिणाम वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात दिसला. १९८० च्या दशकात परवानगीपेक्षा जास्त मजले चढले, लोकांनी ते विकत घेतले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा मजले पाडण्याचा निर्णय कायम ठेवला. ज्यांनी बांधले ते केव्हाच निघून गेले होते. नोटीस आली ती राहणाऱ्यांच्या दारी.

९/ ही पोकळी केंद्राच्या २०१६ च्या रेरा कायद्याने भरली. १ मे २०१७ पासून 'महारेरा' काम करू लागले. नोंदणीशिवाय जाहिरात वा विक्री नाही. नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात राहतात आणि कामाच्या प्रगतीनुसार, अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवरच काढता येतात.

१०/ बिल्डर निवडण्याच्या दृष्टीने मोलाचे कलम वेगळेच आहे. मागील ५ वर्षांत हाती घेतलेले प्रकल्प, त्यांतील विलंब आणि प्रलंबित खटले बिल्डरला नोंदणीवेळी जाहीर करावे लागतात. पूर्वी जी माहिती गावगप्पांतून मिळे, ती आता त्याच्याच सहीने संकेतस्थळावर वाचता येते.

११/ तरीही क्रमांक म्हणजे हमी नव्हे. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये गाजले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. नोंदणीमागचा मूळ कागद पालिकेत जाऊन पडताळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

१२/ बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. लहान गावांतील अनेक इमारती या सवलतीत बसू शकतात. अशा ठिकाणी सातबारा, अकृषक आदेश, मंजूर लेआउट आणि नगरपालिकेची परवानगी ग्राहकालाच तपासावी लागते. वकिलाकडून जमिनीच्या हक्काचा शोध घ्यावा लागतो.

१३/ ओळख निरुपयोगी आहे, असे नाही. तिचा उपयोग योग्य जागी करावा. त्या बिल्डरच्या आधीच्या इमारतीत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: ताबा ठरल्या तारखेला मिळाला का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली का. शेवटचा प्रश्न १९६३ पासूनचा आहे. इमारतीला दहा वर्षे उलटूनही त्याचे उत्तर 'नाही' असेल, तर नव्या प्रकल्पाचे माहितीपत्रक कितीही देखणे असले तरी इसाराची रक्कम देण्याची घाई करू नये.