उटण्याचा विसरलेला नियम

सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास म्हटला म्हणजे राजदरबार, अत्तरे आणि चंदन यांचीच आठवण होते. वस्तुतः तोंडास लावावयाच्या लेपाचा इतिहास बव्हंशी पाट्यावरवंट्याजवळच घडला. ज्यांचा चेहरा तेलकट असूनही नाजूक आहे, साबणाने लाल होतो आणि नुसत्या पाण्याने चिकटच राहतो, अशांसाठी त्या इतिहासात एक बिनखर्ची धडा आहे. तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ रचले. त्याच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचा विचार आला आहे. लेपाची जाडी पाव, तृतीयांश अथवा अर्धा अंगुळ सांगितली आहे. सहा ऋतूंस सहा निरनिराळे लेप दिले आहेत. ग्रीष्मासाठी कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन यांची योजना आहे. परंतु या सर्वांहून मोलाचा तेथील एक साधा नियम आहे. लेप तोंडावर वाळू देऊ नये, कारण वाळलेला लेप कांती बिघडवितो. तो ओला करून काढावा आणि मग थोडा स्नेह लावावा.

पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यात स्नान आणि विलेपन हे राजाचे स्वतंत्र उपभोग म्हणून वर्णिले आहेत. राजाकडे कस्तुरी होती. आपल्या घरांत मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ, आंबेहळद आणि ओठ फुटल्यास कोकमतेल. द्रव्ये बदलली, तरी रीत तीच राहिली.

ही रीत मोडली ती साबणाने. आपला जिल्हा १८६२ ते १९५६ मुंबईच्या कारभारात होता आणि त्यानंतर म्हैसूर राज्यात आला. पहिल्या महायुद्धाने चंदनाची युरोपातील निर्यात अडविली, तेव्हा म्हैसूर संस्थानाने स्वतःच चंदनतेल काढावयास घेतले व त्यातून चंदनी साबण जन्मला. त्याच सुमारास मुंबईत गोदरेजने प्राण्यांच्या चरबीवाचून साबण केला. साबण सुटसुटीत होता, स्वच्छतेवर त्याचे उपकारही मोठे आहेत. पण उटणे त्यामुळे दिवाळीच्या पहाटेपुरते उरले.

आता थोडे शास्त्र. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन वैद्यांनी १९२८ साली या आम्ल आवरणाचे वर्णन केले. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. वारंवार साबण लावल्यास हे आवरण बिघडते आणि नाजूक त्वचा चुरचुरते. मातीचा लेप पूर्ण वाळला तरी त्वचा ताणली जाते. वाग्भटाचा नियम येथे आजही लागू पडतो.

तेव्हा घरगुती रीत अशी. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने तोंड धुवावे, घासू नये. आठवड्यातून एकदा चमचाभर मुलतानी माती किंवा वस्त्रगाळ मसुरीचे पीठ साध्या पाण्यात कालवून पातळ लावावे, डोळ्यांभोवती नको. पाच-सात मिनिटांत, लेप ओला असतानाच, पाण्याचा हात लावून काढावा. मऊ पंचाने टिपावे. जेथे ताण वाटेल तेथेच कोकमतेलाचा पुसटसा हात फिरवावा. नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावे. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा आणि भरड पीठ वर्ज्य; लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळून डाग पडतात. पुटकुळ्या दुखऱ्या असतील तर वैद्याकडेच जावे. या सर्वांचा खर्च आठवड्यास काही रुपयांपलीकडे जात नाही.

सरकारी दप्तरात जमिनीची, झाडांची, घरांची नोंद सापडते. काळी नदीवरील धरणात जुने सुपे बुडाले आणि कुटुंबे रामनगरास व इतरत्र गेली. तेव्हाही नोंद झाली ती याच गोष्टींची. कोणत्या घरी कोणते उटणे होते, ते किती वेळ ठेवीत, हे कोणी टिपले नाही. आज नाती जाहिरातीतले दहा-दहा पदार्थ तोंडास लावतात आणि चेहरा लाल झाला की आणखी एक विकत आणतात. ज्या घरांत अजून आजी आहेत, तेथे त्यांची रीत लिहून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. द्रव्यांच्या यादीबरोबर लेप केव्हा काढावा हेही लिहावे, कारण नातींना उपयोग त्याचाच अधिक होईल.