तोतयाची कुळकथा

तोतया म्हणजे दुसऱ्याचे नाव, नाते आणि घर आपलेच आहे असे भासवून त्या जागी जाऊन बसणारा माणूस. मराठी मुलखात ही आकृती ठसली ती भाऊसाहेबांच्या तोतयामुळे. खऱ्याखोट्याचा असा वाद त्याआधीही झाला होता. १७५० साली साताऱ्याला ताराबाईंनी आपणच पुढे आणलेला रामराजा हा आपला नातू नव्हे, असे जाहीर केले होते. पण तो वारशाचा डाव होता. घरधन्याच्या रूपाने परका माणूस परतण्याची गोष्ट पानिपतानंतरची.

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, म्हणजेच भाऊसाहेब, पानिपतावर पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तान्ताप्रमाणे भाऊंचे धड शिराविना सापडले, अंगावरच्या खुणांवरून ते ओळखले गेले आणि त्याला अग्नी दिला गेला. पुण्याची मात्र खात्री पटली नाही. रणातून परतलेल्या पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मानलाच नाही; त्या सौभाग्यवतीसारख्याच राहिल्या. धनी नाही आणि त्याचे मरणही नाही, अशा घराच्या दाराशी तोतया येतो. चेहऱ्याच्या साम्याहून हे उघडे दारच त्याच्या अधिक उपयोगी पडते.

सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून पुढे आला. काही ठिकाणी त्याचे नाव सुखलाल असे येते. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. प्रकरण तिथेच मिटले असते. पण १७७६ साली गादीवर अवघ्या दोन वर्षांचे सवाई माधवराव होते आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांच्या तंट्याने कारभार पोखरला होता. रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला सोडवले आणि भाऊ म्हणून उभे केले. नाराज माणसे हजारोंनी त्याच्याकडे गेली. कोकणातून पुण्याला चढणारा रस्ता बोरघाटाचा, आणि तोतयाची फौज त्याच बाजूला सरकली. राजमाचीजवळ महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तिला खाली हाकलले. तोतया कुलाब्याला पळाला, तिथे राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या हवाली केले. डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा विषय हाच.

फ्रान्समधील आर्तिगा गावी या बंडाच्या सुमारे दोनशे वर्षे आधी याहून घरगुती प्रकार घडला होता. मार्तें गेर घर सोडून गेला आणि १५५६ च्या सुमारास आर्नो द्यु तिल नावाचा माणूस त्याच्या नावाने आला. बायकोने, बहिणींनी त्याला स्वीकारले. तीन वर्षे संसार चालला, मुलेही झाली. १५६० साली तुलूझच्या न्यायालयात तो सुटण्याच्या बेतात असताना खरा मार्तें लाकडी पायाने हजर झाला आणि आर्नो फाशी गेला. आर्नोला संसार मिळाला. सुखनिधानाला किल्ले आणि फौज मिळाली, संसार नाही. त्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांना भाऊ हवे होते ते सत्तेसाठी. परक्या नवऱ्याच्या नावाने मांडलेल्या या खेळात पार्वतीबाईंच्या दुःखाची किंमत कुणी केली नाही, हे या बंडाचे सर्वांत क्रूर अंग आहे.

पुढे हा शब्द कायद्यात शिरला. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४१६ मराठीत ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ म्हणून ओळखले जाई. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली येतो. तोतया पोलीस किंवा तोतया तिकीट तपासनीस यांनी कुणाला ठकवले तर त्यांच्यावर आज हे कलम लागू शकते.