थांबल्यावर लागणारा पंखा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि विषय आहे मोटारीच्या रेडिएटरचा पंखा! बाईंना हे कुठून सुचलं, असं भाचेमंडळी नक्की म्हणणार. जन्मभर मुलांना व्याकरण नि निबंध शिकवले, गाडी कधी चालवली नाही, हे खरंच आहे. पण कोल्हापुरात राहायचं आणि इंजिनाविषयी काही कानावर पडू द्यायचं नाही, हे जमण्यासारखं नाही. इथे लग्नाच्या पंगतीतही शेजारचा माणूस पिस्टन-रिंगा या विषयावर बोलत असतो.

निमित्त झालं ते आमच्या कसबा बावड्यातल्या एका जुन्या व्हॅनचं. तिचं दुखणं पुढे सांगते. पण ते नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. निदान मला तरी मागे गेल्यावरच कळलं.

इंजिनात इंधन जळतं तेव्हा त्यातली सगळी शक्ती काही चाकापर्यंत पोचत नाही. ढोबळ हिशेब करायचा तर एक तृतीयांशाच्या आसपास कामी येते, बराच हिस्सा धुराबरोबर उष्णता होऊन जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगातच मुरते. ती बाहेर काढली नाही तर धातू वाकतो. म्हणजे इंजिनाचा इतिहास हा जितका शक्तीचा आहे, तितकाच उष्णता घालवण्याचाही आहे.

माझ्या लहानपणी पंचगंगेच्या काठच्या मळ्यांतून ऑईल इंजिनं चालत. त्यांना ना रेडिएटर, ना पंखा. उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवलेली असे आणि कोमट होऊन ती पाटात पडत असे. थंडीत आम्ही पोरं त्या धारेखाली हात धरायचो. नदी शेजारी असली की इंजिन थंड ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही. पंचाईत होते ती इंजिन चाकावर चढून नदीपासून दूर जायला लागलं की.

ही पंचाईत पहिल्या मोटारीपासूनची आहे. कार्ल बेंझनं १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. तिच्यात पाणी तापून वाफ होऊन उडून जायचं, तेच तिचं थंड होणं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर, ती मोटार घेऊन गेली. वाटेत जिथे पाणी मिळेल तिथे थांबून तिला इंजिनात पाणी घालावं लागलं. घाटात झऱ्यापाशी ट्रक थांबवून डब्यानं पाणी ओतणारे क्लीनर आमच्या पिढीनं पाहिलेत. त्या सगळ्यांची मूळ आजी हीच म्हणायला हरकत नाही.

यावर पक्का उपाय काढला विल्हेल्म मायबाख यानं. १९०१ च्या मर्सिडीज मोटारीला त्यानं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या होत्या. पाणी त्यांच्याभोवती फिरे आणि वारा त्यांच्यातून जाई. एवढ्या मोठ्या इंजिनाला अवघं नऊ लिटर पाणी पुरू लागलं. गाडी धावताना वारा आपोआप मिळतो; पण ती हळू चालते किंवा उभी राहते तेव्हा वारा कुठून आणायचा? म्हणून त्यानं रेडिएटरच्या मागे एक पंखा बसवला.

आपल्याला वाटतं, गाडी जितकी पळेल तितका पंखा जास्त लागेल. प्रत्यक्षात उलटं आहे. भरधाव गाडीला पंखा जवळजवळ नकोच असतो. त्याची खरी गरज थांबल्यावर किंवा रखडत चालल्यावर. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

त्यानंतर कितीतरी दशकं हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत राहिला. अँबॅसडर घ्या, फियाट घ्या, किंवा पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर घ्या. आमच्याकडे वऱ्हाड म्हणजे मॅटाडोर आणि मॅटाडोर म्हणजे आंबा घाट, असं समीकरण होतं. इंजिन सुरू की पंखा सुरू, सकाळच्या थंडीत गरज नसतानासुद्धा. त्यात इंजिनाची थोडी शक्ती फुकट जायची. पण एक सोय होती, दुखणं डोळ्यांना दिसायचं. पट्टा सैल झाला तर किंचाळायचा, तुटला तर लोंबताना दिसायचा, पातं वाकलं तर खडखडायचं. बॉनेट उघडून कुणीही शहाणा माणूस बोट दाखवू शकत असे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं. आडव्या इंजिनाचा पट्टा समोरच्या रेडिएटरपाशी सरळ पोचत नाही, म्हणून पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर. १९८४ मध्ये त्याच कंपनीची व्हॅन आली. पुढे ‘ओम्नी’ या नावानं ती २०१९ पर्यंत निघत होती. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. अशा गाड्यांबरोबर विजेचा पंखा आपल्या गल्लीबोळांत शिरला. पाणी ठरावीक तापलं, म्हणजे साधारण नव्वद अंशांच्या पुढेमागे गेलं, की रेडिएटरवरचं थर्मोस्विच जोडलं जातं, रिले ‘टिक’ करतो आणि पंखा फिरतो. पाणी निवलं की आपोआप बंद. इंधन वाचतं, आवाज कमी होतो. सुधारणाच ही, शंका नाही.

मात्र तिच्याबरोबर एक कोडंही आलं. विजेचा पंखा उभा असेल तर तो निरोगी म्हणून उभा आहे की मेला म्हणून, हे नुसतं बघून कळत नाही. पट्ट्याच्या पंख्याचं स्थिर असणं म्हणजे बिघाडच. विजेच्या पंख्याच्या गप्प राहण्याचे मात्र दोन अर्थ होतात, आणि तिथे डोळ्यांचं काम संपून तर्काचं सुरू होतं.

आता ती व्हॅन. माझा एक जुना विद्यार्थी नि त्याची बायको जेवणाचे डबे करतात. साठ-सत्तर डबे व्हॅनमध्ये भरायचे आणि दुपारी एकच्या आत शिरोली एमआयडीसीत पोचवायचे. भट्टीपाशी राबलेल्या माणसाचा डबा उशिरा पोचून चालत नाही. व्हॅन वीसेक वर्षांची, कुठल्या कंपनीची ते जाऊ द्या. हायवेवर काटा जागच्या जागी. पण हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली की काटा थेट लाल पट्टीत.

लक्षण बोलकं होतं. पळताना ठीक आणि थांबल्यावर तापते, म्हणजे संशय पहिला पंख्यावर. पळतानाही तापली असती तर पाणी कमी आहे, रेडिएटर आतून चोंदलाय किंवा पाण्याचा पंप गेलाय, असं आधी बघायला हवं होतं.

एका गॅरेजमध्ये बल्ब लावून पाहिला. पंख्याच्या वायरीवर तो छान पेटला. वीज येतेय नि पंखा फिरत नाही, तेव्हा मोटर गेली, असा निवाडा झाला. नवी मोटर बसली. दोन दिवस पंखा फिरला आणि पुन्हा तेच. मग थर्मोस्विच बदललं. पुन्हा तेच. मग रेडिएटरच बदला म्हणाले, आणि तोपर्यंत पोराची महिन्याची कमाई त्यात गेलेली. इंजिन एकदा फार तापून हेड वाकलं असतं तर धंदाच बसला असता.

शेवटी तो उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेला. शाळा सातवीपर्यंत, हात ऑईल इंजिनांवर तयार झालेला. मला इतकं कुतूहल की मीही सोबत गेले. त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. कधी तापते? कुठे तापते? नवी मोटर घातल्यावर किती दिवस चालली? मग एकेक पायरी. फ्यूज पाहिला, शाबूत. थर्मोस्विचची पिन काढून दोन टोकं तारेनं जोडली. म्हणजे स्विचनं जे करायचं ते हातानं केलं. रिले टिकटिकला, पंखा गप्प. त्या अर्थी स्विच निर्दोष. बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला दिल्या, पंखा भिरभिरला. मोटर निर्दोष. येणाऱ्या वायरीवर बल्ब लावला, पेटला. मग उरलं काय?

उरली परतीची वाट. वीज मोटरमध्ये जाते तशी तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं. ती गाडीच्या लोखंडी अंगातून परतते. त्याला मिस्त्री ‘अर्थिंग’ म्हणतात. मिस्त्रींनी एक जाड वायर मोटरच्या परतीच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि पंखा फिरला. अर्थिंगची वायर जिथे बोल्टनं आवळली होती, तिथे गंजाचा पापुद्रा होता. नवी मोटर बसवताना वायर हलली, तेवढ्यानं दोन दिवस निभावलं.

“मग बल्ब कसा पेटत होता?” मी विचारलं.

“बाई, बल्बचं दुसरं टोक त्यांनी स्वच्छ पत्र्याला लावलेलं. अर्थिंगची परीक्षा झालीच न्हाई. आणि बल्बला चिमूटभर वीज पुरतीया, पंख्याला पसाभर लागती. दिवा पेटला म्हणून पंखा फिरंल असं न्हाई.”

पॉलिश पेपरनं जागा घासली, नवं थिंबल लावलं, बोल्ट आवळला. मजुरी सांगायची त्यांनाच लाज वाटत होती. जाताना एवढंच बजावलं, की तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि पंख्याजवळ हात नेताना बॅटरीची वायर आधी काढा, तो कधी फिरेल सांगता येत नाही.

घरी येऊन मी विचार करत राहिले. आमच्या कोल्हापूरला यंत्र उघडून समजून घेण्याची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच आपला सिनेकॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. परदेशी यंत्र कसं चालतं हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. त्या मिस्त्रींच्या हातात मला तीच परंपरा दिसली. सुटे भाग मिळत नव्हते तेव्हा विचार करणं भाग होतं. आता भाग लगेच मिळतो, म्हणून विचाराआधी भागच बदलला जातो, आणि चुकीच्या निदानाचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

म्हणून म्हणते, गॅरेजातल्या तरुण पोरांना कुणी शिकवणार असेल तर आधी हा क्रम शिकवावा. नव्या गाड्यांत पंख्याला हुकूम कॉम्प्युटर देतो, तरी वीज गेली तशी परत यायलाच हवी, हा नियम तिथेही बदललेला नाही.

असो. फार लांबलं. व्हॅन सध्या उसाच्या ट्रॅक्टरमागे निवांत उभी राहते आणि डबे वेळेवर पोचतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी गाडी असेल, तर या उन्हाळ्याआधी ती दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून बघा. काटा निम्म्याच्या थोडा वर सरकतो, पंखा फिरतो, काटा खाली येतो. एवढं झालं तर बोनेट लावून चहा घ्या. नाही झालं तर आधी अर्थिंग बघा.